पुढं लागन

१४ जून १९८७

ही डायरी खताच्या कंपनीनं बाबाले फुकट देल्ली होती. जानेवारी ते मे मायनं चूल पेटवाले फाडून टाकले, म्हणून माझं वर्ष जूनपासून सुरू होते. घरात कोणी हे वाचन अशी भीती नाई. ताराचंद बसून काही लिहून राहिला हेच कोणाले पटणार नाई. दहावीच्या पेपरात दोन वर्ष तीन-तीन तास बसलो, तेव्हा बी एवढं लिहिलं नव्हतं.

लिहाचं कारण मशीन. इथं नागपुरात सीताबर्डीवर एका गल्लीत व्हिडिओ गेम लागला आहे. लाकडाची उभी पेटी, आत टीव्ही, समोर दांडी आन बटनं. रुपया टाका, विमानं पाडा, तीन वेळा मरा, पुन्हा रुपया टाका. स्वतःच्या मराचे पैसे लोक लाईन लावून देतात असा धंदा मी दुसरा पाह्यला नाई. तीन दिवस उभा राहून पाह्यलं, चवथ्या दिवशी नत्थूले घेऊन गेलो. त्याच्यासाठी रुपया टाकला. तो खेळलाच नाई. पेटीच्या मागं जाऊन भोकातून आत पाहत बसला. मालकानं हाकललं तेव्हा म्हणे, "हे बनते बे आपल्याच्यानं."

नत्थू आन मी सातवीपासून एका बाकावर. तो पुढं आयटीआय पास झाला, आता महाल भागात बापूजीच्या टीव्ही रिपेरिंगच्या दुकानात आहे. मी मंडपवाल्याकडं लग्नात लाईटच्या माळा लावतो. म्हणजे तो करंट समजून काम करते आन मी करंट खाऊन.

सक्करदऱ्याच्या तलावापाशी चंपतभाऊचं हॉटेल आहे. तिथं भज्याच्या कढईपासून लांब एक कोपरा खाली आहे. चंपतभाऊ म्हणे, "पोळ्याच्या आत मशीन उभी कर, कोपरा तुझा. नाईतर दुसऱ्याले देईन. आन हे तुझ्या तोंडाकडं पाहून नाई बोलून राहिलो. नत्थू आहे म्हणून बोलून राहिलो."

आज मी माझी सायकल विकली. येताना पायी आलो तं कुत्रे बी वळून पाहून राहिले होते.

१७ जून

आज चंपतभाऊच्या बाकावर भांडण. नत्थूनं तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या कागदावर सामानाची यादी केली.

"टीव्ही कलर पाहिजे," मी म्हणलो. "विमान जळते तं लाल दिसलं पाहिजे."

"कलर घेतला तं सारे पैसे त्याच्यातच जळतीन. दुकानात एक चौदा इंची ब्लॅक अँड व्हाईट पडला आहे, बापूजी मले स्वस्तात देतीन. पण पेटी आपण वीस इंचीच्या मापाची बनवू. समोर प्लायची चौकट ठोकू, तिच्यात चौदाचं भोक. पुढं कलर घेतला का चौकट काढली, कलर बसवला."

"आन तोवर लोक म्हणतीन का हत्तीले चष्मा लावला."

"म्हणू दे. पाहाय, पेटी, सप्लाय आन वायरिंग, हे तीन एकदाच होतात. तिथं कंजूसी केली का पुढं सारं उकलून पुन्हा करा लागते. टीव्ही, दांडी, गेमचा बोर्ड, हे कधी बी बदलता येते. ते सेकंडहँड घेऊ."

बोर्डाले पाच व्होल्टची चार अँपियर पुरते असं तो स्वतःच म्हणते, आन सप्लाय बारा अँपियरची घ्या म्हणते.

"काहून?"

"पुढचा बोर्ड मोठा असन."

"पुढचा बोर्ड आहे कुठं?"

"येईन ना."

असा माणूस आहे. जेवाले बसला तं उद्याचं ताट बाजूले मांडून ठेवन. त्याच्यावर अजून एक ट्रान्सफॉर्मर पाहिजे म्हणे, कारण टीव्हीच्या सांगाड्यात सरळ लाईनचा करंट असते, मधात ट्रान्सफॉर्मर नसला तं दांडी धरणारा चिपकन. मी म्हणलो, एक रुपयात गेम आन झटका दोन्ही भेटले तं गिऱ्हाईक खुश राहीन. त्यानं यादीवर ट्रान्सफॉर्मरच्या खाली दोन रेघा मारल्या.

२१ जून

सप्लाय आणली. विटेएवढी आहे आन विटेपेक्षा भारी. यात कलर टीव्हीसाठी धरलेले अर्धे पैसे गेले.

एप्रिलची गोष्ट इथं लिहून ठेवतो, नाईतर उद्या दुसराच कोणी म्हणन का मी केली. नत्थू कधीचा नोकरीचे अर्ज भरून राहिला. एक तारखेले मी टायपिंगवाल्याले भज्याची प्लेट चारून त्याच्याकडून हिंदीत एक कॉल लेटर छापून घेतलं. रामटेकच्या गडावर टीव्हीचा टॉवर लागणार आहे, परीक्षेसाठी सकाळी आठ वाजता गडावर हजर राहावं, येताना स्वतःची शिडी आणावी. नत्थूनं शिडी भाड्यानं घेतली. बसच्या टपावर चढवून रामटेकले नेली, इस्त्रीचा सदरा घालून, शिडी खांद्यावर घेऊन सारा गड चढला. पुजाऱ्यानं विचारलं, कळसाले रंग माराले आला का. हे मी चंपतभाऊच्या हॉटेलात सांगतलं तेव्हा एक माणूस हसता हसता बाकावरून पडला.

नत्थू बी हसला. आठ दिवसांनी हसला, पण हसला. त्याची माय, भागीरथाकाकू, तेव्हापासून मले शिडीवाला म्हणते.

२ जुलै

पाऊस नाई, लग्नं नाई, मंडपाचं काम नाई. म्हणून मशीनचंच काम. पेटी तयार झाली, आमच्या घरामागच्या पत्र्याच्या सपरीत उभी आहे. मायले वाटते मी तिच्यासाठी अलमारी बनवून राहिलो. मी तिचा गैरसमज दूर नाई केला, कारण तिनं सुताराले चहा पाजला.

बोर्ड भेटला. सीताबर्डीवर एकाचा गेम बंद पडला, त्यानं काढला. विमानाचाच आहे. नत्थूनं एक छप्पन पट्ट्यांचा कनेक्टर आणला. साऱ्या वायरी त्या कनेक्टरवर येतीन, बोर्ड त्याच्यात खोचाचा. उद्या नवीन गेम आणला तं जुना बोर्ड काढाचा, नवीन खोचाचा, एक वायर हलवा लागत नाई. हे मात्र मले बी पटलं.

बापूजीनं नत्थूले विचारलं म्हणे, मले बी अशी एक मशीन बनवून दे, कलर घालू, पगार वाढवतो. नत्थू नाई म्हणाला. "पहिले ताऱ्याची," म्हणे. मले हे दुकानातल्या दुसऱ्या माणसाकडून कळलं.

९ जुलै

आज फुकटात वाहवा भेटली.

कोपऱ्याचं माप घेत होतो तं नत्थू एक लिफाफा हलवत हॉटेलात आला. "काय गा ताराचंदराव, या वेळी शिडी नाई?"

मले काही समजलं नाई. त्यानं सगळ्यायले ऐकू जाईन असं वाचलं. सावनेरकडच्या खाणीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियनची जागा, वीस जुलैले सकाळी नऊ वाजता परीक्षा, अपने औजार साथ लाएं.

"मागच्या खेपेले शिडी, आता औजार. पुढच्या खेपेले खाण बी घरूनच आणाले लावशीन."

चंपतभाऊ झारा हातात घेऊनच बाहेर आला. चार गिऱ्हाईकं वळून माझ्याकडं पाहून राहिले. मी ते पत्र पाठवलं नव्हतं. पण सारे पाहत होते, हसू त्यायच्या ओठापर्यंत आलेलं होतं, त्यायले खाली हातानं परत कसं पाठवाव. मी बोललो काहीच नाई. फक्त कॉलर वर केली.

हॉटेल असं हसलं का भजे जळले. चंपतभाऊनं पाठीत गुच्चा मारून चहा पाजला. नत्थू म्हणे, "कागद बी चांगला वापरला बे, खर्च केला तुनं."

घरी येऊन विचार करून राहिलो का हे केलं कोणी. आमच्या टायपिंगवाल्याच्या मशीनचा 'र' तुटका आहे, याच्यातला साबूत होता. शिक्का गोल, मी बोट ओलं करून घासलं तं पसरला नाई. एवढी मेहनत घेणारा या भागात माझ्याशिवाय कोण आहे?

११ जुलै

टायपिंगवाला म्हणे मी नाई छापलं. शिक्का खरा वाटते. पण खरा असता तं नत्थूले समजला नसता का, तो आयटीआय पास आहे, मी दहावी फेल.

पोळा दीड महिन्यावर आला. मी पत्राच्या मागं लागू का दांडीच्या? नत्थू नोकरीवर गेला तं मशीन कोण जोडन, हा विचार मी केला नाई. लिहून ठेवतो का केला नाई.

१२ जुलै

रविवार. सकाळी टीव्हीपायी रस्ते खाली होते, बापूजीचं दुकान बी बंद. नत्थू दिवसभर सपरीत वायरींचा जुडगा बांधत होता. एकेका वायरीले चिठ्ठी पाहिजे, नाईतर चाळीस वायरीत कोणती कोणती हे ब्रह्मदेवाले बी समजणार नाई. कागद शोधला तं मायनं डायरीकडं बोट दाखवलं. मी डायरी लपवली. नत्थूनं खिशातून ते पत्र काढलं.

"हे जाड आहे. टिकन."

कैचीनं त्यानं पत्राच्या पट्ट्या केल्या. एक बाजू छापील, दुसऱ्या कोऱ्या बाजूवर लिहून एकेक वायरीले दोऱ्यानं बांधली: डावा, उजवा, गोळी, नाणं, आवाज. कैची चालून राहिली होती तेव्हा मी एकदा म्हणलो, "राहू दे ना, दुसरा कागद पाहू." तो म्हणे, "काहून, फ्रेम करून लावाचं आहे का तुझं पत्र?" मंग मी त्याले दोरा तोडून देल्ला.

कलर टीव्हीच्या तीन वायरी आता कामाच्या नाईत. त्या त्यानं तोडल्या नाई. गुंडाळून पेटीच्या कोपऱ्यात बांधल्या आन तिन्हीवर एकच लिहिलं, 'पुढं लागन'.

२० जुलै

चित्र आलं.

नत्थूनं दुकानातून सुट्टी घेतली, सकाळी नऊपासून सपरीत. साडेअकराले स्विच दाबला. आधी नुसता पांढरा उजेड, मंग रेघा, मंग विमान. उलटं, पण विमान. नत्थूनं दोन वायरी बदलल्या, सरळ झालं. माय पदर धरून पाहत उभी. तिले समजलं का ही अलमारी नाई, तरी तिनं दोघायले चहा टाकला.

दांडी आन बटनं अजून जोडली नाईत, म्हणून विमान आपलं आपलंच मरून राहिलं होतं. आम्ही दोघं जमिनीवर बसून एक तास त्याले मरताना पाह्यलं. नत्थूनं विचारलं, "पहिला रुपया कोण टाकन?" मी म्हणलो, मी. तो म्हणे, "नाई, काकूले टाकू दे," म्हणजे माझ्या मायले. ठीक आहे म्हणलो.

आजच्यासारखा दिवस मले आठवत नाई.

३ ऑगस्ट

नत्थूनं दगा देल्ला.

मी बाहेरून आलो तं तो सपरीत होता. सांगितल्याबिगर आलता. पेटी मागून उघडी, आन हा एकेका वायरीची चिठ्ठी सोडून राहिला होता. दोरा सोडाचा, चिठ्ठी उलटी करून पाहाची, खिशात टाकाची. डावा, उजवा, गोळी, सारं.

"काय करून राहिला बे?"

तो वळला बी नाई. "माझ्या आहेत," म्हणे.

"मशीन माझी आहे."

"मशीन तुझीच आहे. मी फक्त कागद नेऊन राहिलो."

मी हात धरला. त्यानं सोडवून घेतला. त्याचे डोळे लाल होते, दारू पेलेल्यासारखे, पण वास नव्हता. 'पुढं लागन'वाल्या तीन चिठ्ठ्या त्यानं सगळ्यात शेवटी काढल्या, त्या सोडताना बोटं अडकून राहिली होती. मी म्हणलो, "गाठ तूच मारली, आता तूच सोड." गंमतच केली. तो गेला. पेटीचं झाकण बी लावलं नाई.

मले समजलं. बापूजीनं पगार वाढवला असन. आता मशीनचा नकाशा याच्या खिशात, आन माझ्याकडं चाळीस बिननावाच्या वायरी. सायकल विकली मी, आन हा माणूस चार दोरे सोडून मले भिकारी करून गेला.

७ ऑगस्ट

तो आला नाई. मी बी गेलो नाई. दुकानातला माणूस म्हणे, दोन दिवस कामावरच नव्हता. गेला असन बापूजीसाठी कलर टीव्ही पाहाले.

मी एकट्यानं जोडाले घेतलं. आता नाणं टाकलं का विमान उजवीकडं जाते. दांडी डावीकडं ढकलली का गोळी सुटते. गोळीचं बटन दाबलं का आवाज बंद. चंपतभाऊले म्हणलं, असाच नवीन गेम आहे, तं तो म्हणे, "तुले बी असाच जोडला आहे देवानं."

९ ऑगस्ट

बोर्ड जळला. बारा व्होल्टची वायर पाचवाल्या पट्टीवर गेली. धूर नाई, आवाज नाई, फक्त जळक्या रबराचा वास आला आन विमान जागच्या जागी थांबून विरून गेलं. चिठ्ठी असती तं असं झालं नसतं. हे नत्थूनं जाळलं. तो इथं नव्हता तरी त्यानंच जाळलं.

मायनं पेटीत गोधड्या ठेवल्या.

१६ ऑगस्ट

चंपतभाऊनं कोपरा बापूजीले देल्ला. मशीन नत्थू बनवून राहिला. कलर. पोळ्याच्या आधी लागणार.

मी म्हणलो, "भाऊ, तुमी शब्द देल्ला होता."

"देल्ला होता. तुझी मशीन चालते का?"

"चालली असती."

"असतीवर कोणी रुपया टाकत नाई, ताऱ्या. मले काय, तू लाव का नत्थू लावो. पण दोघायचं काय बिनसलं? त्याले विचारलं तं तो काही सांगत नाई. तुझं नाव काढलं का बशा पुसाले लागते."

बशा पुसते. चोराले लाज वाटून राहिली असन.

२२ ऑगस्ट

पाहून आलो. मशीन लागली. वीस इंची कलर, चौकट नाई, काही नाई. दांडीचा गोळा लाल. मी मागून वाकून भोकातून पाह्यलं: वायरींचा जुडगा तसाच, आमच्यासारखा, फक्त चिठ्ठ्यांच्या जागी रंगाचे ठिपके. पोरायची लाईन दारापर्यंत. सारं मी डोक्यात पाह्यलं होतं तसंच होतं, फक्त मी त्याच्यात नव्हतो.

नत्थू सुट्टे देत बसला होता. मी साऱ्यायच्या समोर म्हणलो, "नत्थू, तुनं माझा घात केला."

त्यानं हातातले सुट्टे खाली ठेवले. मंग हळूच म्हणे, "तुले खरंच काही माहीत नाई, का हे बी तुझं सोंग आहे?"

काय माहीत असाले पाहिजे ते मले माहीत नव्हतं. पण एवढ्या लोकायत येडा कोण बनन. मी म्हणलो, "मले सारं माहीत आहे."

"मंग ठीक आहे," तो म्हणे, आन दुसऱ्याले सुट्टे देल्ले.

२३ ऑगस्ट

परवा मारबत. साऱ्या नागपुरात ज्याचा ज्याचा राग आहे त्याचा बडग्या, बांबूचा पुतळा, निघन, नाव लिहून गावभर फिरवतीन आन शेवटी जाळतीन. दरवर्षी मी दुसऱ्याच्या बडग्यायले मिशा लावतो. या वर्षी माझा स्वतःचा.

बांबूचा सांगाडा केला. डोकं म्हणून टीव्हीचं खोकं. नत्थूचा आयटीआयचा खाकी सदरा सपरीतच राहिला होता, तो घातला. बोटायच्या जागी वायरी. एवढं हुबेहूब झालं का मायनं दचकून विचारलं, "नत्थू केव्हा आला?" पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: दगाबाज मिस्त्री. गल्लीतले पोट्टे आतापासूनच नाचून राहिले.

हसू बरोबर येऊन नाई राहिलं. पाटी सुकली का येईन.

२४ ऑगस्ट

आज पोळा. दुपारी माय शेजारी बैलायची पूजा पाहाले गेली होती, मी सपरीत एकटाच. दारात भागीरथाकाकू. मी पाटी उलटी केली आन तिच्यावर बसलो.

"शिडीवाल्या, घरीच आहेस?" ती हसून म्हणाली, पण बसली ती एकदम. पदराच्या गाठीतून एक लिफाफा काढला. "तू मले खरं सांग बाबू. मी रागावत नाई. हे दुसरं पत्र बी तूच धाडलं ना?"

"कोणतं दुसरं?"

"पहिलं, खाणीच्या परीक्षेचं, तुझंच होतं. नत्थ्या हसत हसत घरी आलता, म्हणे माय, ताऱ्या सुधरत नाई. मंग हे आलं. पोस्टमननं वाचलं, म्हणे नाव काटलं. मी म्हणलं, पहिलं गमतीचं, तं दुसरं बी गमतीचंच असन. पण नत्थ्या तेव्हापासून धड जेवत नाई. दोन दिवस कुठं गेलता ते बी सांगत नाई." तिनं हात जोडले. मले. "त्याले सांगून दे ना बाबू का गंमत होती. तो शिडीच्या वेळी बी हसला. हसन तो."

मी पत्र वाचलं. हिंदी मले वाचता येते. वीस जुलैच्या परीक्षेले आपण आले नाई, म्हणून आपलं नाव रद्द केलं आहे. गोल शिक्का. मी बोट ओलं केलं आन मंग घासलं नाई.

वीस जुलै. नऊ वाजता. त्या दिवशी नऊ वाजता तो या सपरीत बसला होता, आन त्या कागदाच्या पट्ट्या वायरींवर लटकून होत्या.

आजवर मले ज्यायनं हात जोडले त्यायनं मस्करी थांबव म्हणून जोडले. ही बाई हात जोडून म्हणत होती का मस्करी केली असं म्हण. आन म्हणता येत होतं. एक शब्द बोललो असतो तं काकू हसत घरी गेली असती, आजच्या पोळ्याच्या पुरणपोळ्या त्यायनं गोड करून खाल्ल्या असत्या. संध्याकाळपर्यंत तरी.

"नाई काकू," मी म्हणलो. "हे माझं नाई. ते बी माझं नव्हतं."

"ते बी?"

"ते खरं होतं."

तिनं माझ्या हातून पत्र घेतलं. मंग म्हणे, "पण तू तं हो म्हणला होता."

"हो नाई म्हणलो. कॉलर वर केली."

बोललो आन माझ्याच कानाले ते कसं लागलं ते मले लिहिता येत नाई.

काकूनं पत्र लिफाफ्यात घातलं. लिफाफा गाठीत बांधला. उठली तेव्हा तिची नजर बडग्यावर गेली. जवळ जाऊन तिनं सदऱ्याची कॉलर बोटानं उलटी केली, आतला टाका पाह्यला. तिनंच घातला असन तो टाका. मंग एकेक बटन सोडलं, बांबूच्या हातातून बाह्या काढल्या, सदरा झटकला, घडी केली आन काखेत धरून निघून गेली. मी पाटीवर बसूनच होतो.

२५ ऑगस्ट

सकाळी पोट्टे बडग्या न्याले आले. मी पाटी फाडून टाकली होती. "नाव काय लिहाचं?" म्हणे. मी म्हणलो, काही नाई. बिनसदऱ्याचा, बिननावाचा बांबू घेऊन गेले ते, आरडतच गेले, घेऊन जा गे मारबत. त्यायले काय, जाळाले काही भेटलं का झालं.

दुपारी सारं गाव मिरवणुकीत, म्हणून हॉटेलात दोन-तीनच लोक होते. नत्थू मशीनपाशी. तोच खाकी सदरा घातला होता, धुतलेला. मी म्हणलो, "काकू आलती. मले काल कळलं."

"हं."

"चिठ्ठ्या तू काहून नेल्या ते बी कळलं."

"पिठाच्या खळीनं चिकटवलं सारं," तो म्हणे. "घेऊन गेलतो सावनेरले. तिथल्या साहेबानं उजेडात धरून पाह्यलं. एका बाजूनं पत्र, मागच्या बाजूनं डावा, उजवा, गोळी. सारे गोळा झाले पाहाले. लय हसले."

"मी येतो सोबत. लिहून देतो त्यायले का माझ्यापायी झालं."

"जागा भरली."

मी म्हणलो, "तुनं मले तेव्हाच शिव्या काहून नाई देल्ल्या? एक कानाखाली काहून नाई वाजवली?"

त्यानं दांडीच्या लाल गोळ्यावरचा भज्याचा तेलकट डाग पुसला. मंग विचारलं, "त्या दिवशी तुले माहीत होतं?"

नाई म्हणता येत होतं. नाईचा पुरावा बी होता, मी कुठं शिकलेलो आहे.

"थोडं," म्हणलो.

त्यानं मान हलवली. "मले बी थोडं वाटलं होतं. शिक्का पाहून. मंग तुझ्याकडं पाह्यलं, तं तू कॉलर वर केली. मी म्हणलं, ताऱ्या एवढं मोठं खोटं माझ्याशी नाई बोलणार."

मिरवणुकीचे ताशे लांबून ऐकू येत होते. मागून दोघं जण आले, रुपया हातात घेऊन. नत्थूनं त्यायच्याकडं पाह्यलं, मंग माझ्याकडं.

"तुम्ही खेळता का?" तो मले म्हणाला. "नसन खेळाचं तं जरा बाजूले व्हा. मागं लोक उभे आहेत."

सातवीपासून त्यानं मले बे म्हणलं, गधा म्हणलं, भैताड म्हणलं. तुम्ही कधीच म्हणलं नव्हतं. आवाजात राग बी नव्हता, कोणत्या बी गिऱ्हाईकाशी बोलाव तसा होता.

मी बाजूले झालो.